नेटमध्ये चांगली बॉलिंग मिळत नाही: मशीन घ्यावी का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या क्रिकेट क्लबचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलं १४, वयं १३ ते १७, त्यांत दोन मुली. सिमेंटची एकच पट्टी, तिच्यावर जुनी काथ्याची मॅट. बॉलिंग करणारी पाच जणं, त्यांतली वेगानं टाकणारी दोघं. नेटमध्ये सगळे झकास खेळतात, पण टर्फवरच्या, म्हणजे मातीगवताच्या खेळपट्टीवरच्या सामन्याला पर्वरीला किंवा मडगावला गेलं की पहिल्या सात-आठ षटकांत निम्मा संघ परत. देणगीतून लाखभर रुपये जमले आहेत आणि विचारलं आहे की बॉलिंग मशीन कोणती घ्यावी.

माझं मत आधीच सांगतो: या पैशांत मशीन घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी नको. आधी पट्टी, मग चेंडू, मग दोन साइडआर्म (चेंडू फेकायचे लांब दांडे), आणि उरलेले पैसे बॉलिंग टाकणाऱ्या माणसांवर. तुमची मुलं पन्नास असती, दोन नेट असते आणि रोज मशीनजवळ उभा राहणारा एखादा मोठा माणूस असता, तर हा क्रम बदलला असता. तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत मात्र तो असाच ठेवावा लागेल.

पहिली गोष्ट फुकटची आहे. मागच्या तीन-चार सामन्यांच्या स्कोअरबुकात मुलं कशी आउट झाली ते बघा. बोल्ड आणि पायचीत जास्त असतील आणि बॅट उशिरा खाली येत असेल, तर वेळ कमी पडतोय. कीपर किंवा स्लिपमध्ये झेल जास्त असतील, तर लाइन ओळखता येत नाही आणि नवा चेंडू हलतोय. कव्हरला, मिडऑनला, शॉर्ट मिडविकेटला लोंबते झेल जात असतील, तर फटका लवकर लागतोय, म्हणजे चेंडू अपेक्षेपेक्षा थांबून येतोय. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. मशीन फार तर पहिल्यावर थोडा इलाज करते. मॅटवर वाढलेल्या मुलांत मला तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो, आणि लोक त्यालाच ‘वेग झेपत नाही’ म्हणतात.

दुसरं असं की फलंदाज नेमकं काय बघून खेळतो, हे लक्षात घेतल्याशिवाय कोणतंही साधन निवडता येत नाही. दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधलं अंतर २०.१२ मीटर असलं, तरी चेंडू सुटतो पॉपिंग क्रीजजवळ (यष्ट्यांपुढच्या रेषेजवळ) आणि फलंदाजही पॉपिंग क्रीजजवळच उभा असतो. त्यामुळे खरं अंतर साधारण १७.७ मीटर. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू एवढं अंतर ०.५८ सेकंदात कापतो. हवेत आणि टप्प्यावर वेग थोडा कमी होतो, म्हणून प्रत्यक्षात किंचित जास्त वेळ मिळतो, पण फरक फार नाही. एवढ्यात लेंग्थ, म्हणजे टप्पा कुठे पडणार ते ओळखायचं, पाय हलवायचा आणि बॅट आणायची. हे जमतं याचं कारण फलंदाज चेंडू सुटायच्या आधीपासून वाचायला लागलेला असतो: धाव, खांदा, हाताची उंची, मनगट. मशीनच्या नळीतून अचानक बाहेर पडणाऱ्या चेंडूत यातलं काहीच नसतं. मशीनसमोर आणि खऱ्या गोलंदाजासमोर फलंदाजाच्या पुढच्या पावलाची वेळ वेगळी पडते, हे अभ्यासकांनी मोजूनही दाखवलं आहे. म्हणून मशीनवर शंभर ड्राइव्ह सुरेख मारणारा मुलगा सामन्यात पहिल्याच षटकात चाचपडतो.

आता पट्टी. सिमेंटवर घट्ट बसवलेल्या काथ्याच्या मॅटवर चेंडू उंच उसळतो आणि बॅटवर छान येतो. टर्फवर तोच टप्पा खाली राहतो आणि जरा थांबून येतो. रोज पहिल्या प्रकारावर खेळणाऱ्याच्या अंगवळणी जे पडतं, तेच दुसऱ्या प्रकारावर त्याला गोत्यात आणतं. फरक किती आहे ते मोजता येतं. सामन्याच्या दिवशी मैदानवाल्यांना विचारून, सामन्याच्या पट्टीशेजारच्या पट्टीवर गुड लेंग्थच्या जागी खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडा आणि तो कुठवर उसळतो ते पायावर बघा: घोटा, पोटरी की गुडघा. मग तोच चेंडू घरी आणून आपल्या मॅटवर सोडा. फरक वीतभराहून जास्त निघाला, तर पहिला खर्च पट्टीवर करा.

सिमेंट उखडायची गरज नाही. शेजारी जागा असेल तर मातीची अर्धी पट्टी करा. अर्धी का, तर चेंडू टप्पा घेतो तो फलंदाजाच्याच बाजूला. यष्ट्यांपासून १० मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद एवढा तुकडा चांगला असला की काम भागतं, पलीकडे नुसती सपाट घट्ट जमीन पुरते. १५ सेंटिमीटर जाडीला हिशेबानं पावणेचार घनमीटर माती लागते, पण दाबल्यावर ती बसते, म्हणून पाच घनमीटर धरा. आपली जांभी माती एकटी चालत नाही. तिच्यातले खडे वर येतात, टप्पा वेडावाकडा होतो आणि चेंडूची शिलाई फाटते. भातशेतीची चिकण माती आणा, वाळवून फोडा, चाळा आणि पाच-पाच सेंटिमीटरचे तीन थर द्या. प्रत्येक थर ओला करून, वरचं पाणी जिरल्यावर, रोलर चिकटणार नाही एवढ्या ओलीवर दाबायचा. घाई करून एकदम १५ सेंटिमीटर ओतली, तर वरचं कवच कडक होतं, खालची माती पोकळ राहते आणि महिन्याभरात खळगे पडतात. वर मॅट ताणून दोन्ही कडांना दर ६० सेंटिमीटरला वॉशर घातलेला लांब खिळा ठोका. मॅटला गुड लेंग्थवर सुरकुती राहिली तर तिथून उठणारा चेंडू थेट चेहऱ्याकडे येतो, म्हणून रोज सुरुवातीला पायानं चाचपून बघायची सवय लावा. याचं टर्फ होणार नाही, पण उसळी खाली येईल, आणि तुम्हाला हवं आहे तेवढंच.

जागाच नसेल तर सिमेंटवरच भागवा, पण मग आठवड्यातून एक दिवस जुना, मऊ पडलेला लेदर बॉल वापरा आणि मुलांना सांगा की आज पुढच्या पायावर, चेंडू डोळ्यांखाली येईपर्यंत थांबून, जमिनीलगतच खेळायचं.

चेंडूंकडे बहुतेक क्लब दुर्लक्ष करतात आणि तुमच्या दुखण्याचं एक कारण मला तिथेच दिसतं. विकेट पडतात पहिल्या सात-आठ षटकांत, म्हणजे नव्या चेंडूवर. नेटमध्ये मात्र मुलं खेळतात ती शिलाई बसलेल्या, रंग उडालेल्या, दोन महिने जुन्या चेंडूवर. तो ना हवेत स्विंग होत, ना सीमवर (शिलाईवर) पडून हलत. आठवड्यातून एका दिवशी सलामीची चार मुलं आणि दोन्ही वेगवान गोलंदाज यांच्यासाठी नवा चेंडू काढा. पहिले ३६ चेंडू त्याच्यावरच. हा एक बदल मशीनपेक्षा जास्त विकेट वाचवेल.

विकत घेताना ‘फोर पीस’ आणि ‘टू पीस’ बघून घ्या. टू पीसमध्ये कातड्याचे दोनच तुकडे असतात, तो स्वस्त पडतो, पण आकार लवकर सोडतो. सामन्याचा चेंडू चार तुकड्यांचा असतो. गोलंदाजांना तोच द्या, नाहीतर हातात सीमची सवय होत नाही. थ्रोडाऊनला, म्हणजे फलंदाजाला नुसते हातानं किंवा साइडआर्मनं टाकून द्यायच्या चेंडूंना, टू पीस चालतो.  वजनही तपासा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर जमतं. पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम, १३ वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅम. तुमच्या दोन मुली सामने महिलांच्या चेंडूवर खेळत असतील, तर नेटमध्ये त्यांनी बॉलिंग त्याच चेंडूनं करायला हवी. मोठ्या चेंडूवर बोटं पुरत नाहीत आणि सीम सरळ ठेवायची सवय मोडते.

१४ मुलांना माझा अंदाज असा: गोलंदाजांसाठी सहा फोर पीस, प्रत्येकावर मार्करनं नाव, म्हणजे चकाकी राखायची जबाबदारी त्याची. थ्रोडाऊनला १८ टू पीस. महिलांच्या वजनाचे चार. अर्धे लाल अर्धे पांढरे असे दोन रंगांचे चार. त्यांच्यावर सीम डगमगते की सरळ जाते, फिरकी खरंच फिरते की नुसती सरकते, हे टाकणाऱ्याला आणि खेळणाऱ्याला दोघांनाही दिसतं. शिवाय डझनभर टेनिस बॉल. प्रत्येक लेदर बॉल किती षटकं वापरला ते वहीत मांडा आणि नवे, मधले, जुने अशा तीन बादल्या ठेवा. एकाच बादलीत सगळे मिसळले की आठवड्यानंतर सगळेच सारखे भिकार होतात.

आता साइडआर्म. लांब दांड्याच्या टोकाला चेंडू धरणारी वाटी, एवढंच ते साधन, हजार-दोन हजारांच्या घरातलं. त्यामुळे हाताची लांबी वाढते आणि साधा माणूससुद्धा धाव न घेता चांगला वेग काढतो. मशीनच्या तुलनेत त्याचा मोठा फायदा हा की चेंडू माणसाच्या हातातून सुटतो. खांदा आणि हात दिसतो, सीम उभी धरता येते आणि पुढचा चेंडू कुठे पडेल हे टाकणाऱ्याच्या मनावर असतं. भारतीय संघाला वर्षानुवर्षं थ्रोडाऊन देणारे राघवेंद्र हे आपल्या कारवारच्या पुढच्या कुमठ्याचे. त्यांच्या जोडीला डावखुरे नुवान सेनेविरत्ने घेतले गेले ते डावखुऱ्या वेगवान गोलंदाजांच्या कोनासाठी. तुमच्या क्लबात कुणी डावखुरा पालक असेल, तर दुसरा साइडआर्म त्याच्या हातात द्या.

पण साइडआर्म हातात आल्या दिवशी मुलांसमोर वापरू नका. चेंडू लवकर सुटला तर तो उंच जातो आणि सरळ बीमर होतो, म्हणजे टप्पा न घेता अंगावर येतो. उशिरा सुटला तर टाकणाऱ्याच्याच पुढ्यात जमिनीवर आदळतो. शिकायची पद्धत अशी: दांडा टोकाकडे, सैल पकडीनं धरा. दोन बोटं आणि अंगठा यांच्यावर भार, बाकीची नुसती टेकलेली. हात कानाजवळून वर यावा. आडव्या हातानं फेकलं तर वेग मिळेल, पण चेंडू सुटायची जागा कोणत्याही खऱ्या गोलंदाजासारखी दिसणार नाही. पुढचा पाय घट्ट रोवा आणि मनगट शेवटी मोडा. सुरुवातीला रिकाम्या नेटमध्ये दिवसाला ३० चेंडूंपेक्षा जास्त नकोत, नाहीतर कोपर आणि खांदा धरतो. यष्ट्यांपासून ५ ते ७ मीटरचा पट्टा चुन्यानं आखा आणि दहातले आठ चेंडू त्यात पडायला लागल्यावरच फलंदाज उभा करा. दोन-तीन आठवडे लागतात, लागू द्या. टेनिस बॉलनं शिकायचा मोह होतो, पण त्याचा व्यास साडेसहा-पावणेसात सेंटिमीटर आणि लेदरचा सात सेंटिमीटरहून थोडा जास्त, त्यामुळे तो वाटीत सैल बसतो आणि आधीच निसटतो. लेदरच्याच मापाचा मऊ प्लॅस्टिकचा चेंडू घ्या.

किती अंतरावरून टाकायचं याचा हिशेब सोपा आहे. तुमचा वेग गुणिले १७.७ भागिले अंतर, म्हणजे फलंदाजाला जाणवणारा वेग. १५ मीटरवरून ताशी ९३ किलोमीटरनं टाकलं की मिळणारा वेळ ११० किलोमीटरच्या चेंडूइतका होतो. १४ मीटरवरून त्यासाठी ८७ पुरतो. मग १० मीटरवरून का टाकू नये? कारण हळू टाकलेला चेंडू जवळून टप्पा घेतो तेव्हा तो वरून खाली पडल्यासारखा येतो, टप्प्यानंतर थांबतो आणि फलंदाज पुन्हा चुकीचंच काहीतरी शिकतो. शिवाय सरळ मारलेला फटका चुकवायला टाकणाऱ्याला वेळ उरत नाही. १४ मीटरच्या आत लेदर बॉल नको. टाकणाऱ्यापुढे जाळीची चौकट हवीच. एक इंची जीआय पाइपची चौकट गावातला वेल्डर एका दिवसात करून देईल. जाळी ट्रॉलरची जुनी चालते, पण तिचे डोळे ५० मिलिमीटरपेक्षा मोठे नसावेत आणि दोरा उन्हानं कुजलेला नसावा. नखानं ओढून तंतू सुटत असतील तर ती घेऊ नका.

१३-१४ वर्षांच्यांना जाणवणारा वेग ताशी ८५ ते ९५ किलोमीटर, १५-१६च्यांना ९५ ते ११०, आणि निवड चाचणीला जाणाऱ्या मोठ्यांना ११५-१२०. यापेक्षा वर नेऊन मुलं शिकत नाहीत, लेगसाइडला सरकायला लागतात. एकदा ती सवय लागली की सोडवणं फार कठीण. वेग वाढवायच्या आधी मागचा पाय स्टंपच्या रेषेत टिकतोय का ते बघा. हेल्मेटचंही लक्षात घ्या: बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकात मोठ्यांचा आणि लहानांचा चेंडू यांची चाचणी वेगवेगळी असते. ज्या हेल्मेटची तपासणी फक्त मोठ्या चेंडूवर झाली आहे, त्याच्या जाळीतून लहान चेंडू आत शिरू शकतो. आतल्या लेबलावर ते लिहिलेलं असतं. जोरात आदळलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बाजूला काढा.

खरी चांगली बॉलिंग मात्र तुमच्याच पाच मुलांकडून मिळणार आहे, आणि सध्या ती वाया जातेय असं मला वाटतं. एका नेटमध्ये दोन तास, मिनिटाला दोन चेंडू या हिशेबानं दिवसाला २४० चेंडू होतात. पाच गोलंदाजांचे प्रत्येकी ३६ म्हणजे १८०, साइडआर्मचे ६०. झाले २४०. आता ते १४ जणांत वाटले तर डोक्याला १७ चेंडू येतात, त्यात कुणी काय शिकणार? एका दिवशी सातच जणांनी बॅटिंग करावी, प्रत्येकाला ३४ चेंडू. उरलेल्या सातांतले काही त्या दिवशी गोलंदाज, बाकीचे झेल आणि थ्रो. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पालक तक्रार करतील, त्यांना हा हिशेब कागदावर दाखवा.

प्रत्येकी ३६ चेंडूंची मर्यादा मी वेगवान मुलांसाठी काटेकोर ठेवतो, आठवड्यात तीनच दिवस, लागोपाठ दोन दिवस नाही. वाढत्या वयातली पाठ फार चेंडू टाकल्यानं जाते, आणि नेटमधले चेंडू कुणी मोजतच नाही. आणि दमलेला गोलंदाज फलंदाजालाही काही देत नाही.

या ३६ चेंडूंची किंमत वाढवायची असेल तर आधी धावेची जागा मोजा. पुष्कळ गावांत नेटमागे भिंत किंवा काजूचं झाड असतं, मुलगा सात-आठ पावलांतच येतो आणि सामन्यात पूर्ण धावेनं नोबॉल टाकतो. जागा करता येत नसेल तर पट्टी उलटी फिरवा. क्रीज चुन्यानं ठळक आखा आणि एका मुलाला अंपायर म्हणून उभं करा. नोबॉल मोजले नाहीत तर नेटमधली शिस्त सामन्यात जात नाही. एका वेळी तीनच गोलंदाज, आणि प्रत्येकानं सहा चेंडू सलग टाकायचे. आळीपाळीनं एकेक टाकण्यात फलंदाज दर चेंडूला नवा हात बघतो. सहा सलग मिळाले की गोलंदाजाला डाव रचता येतो आणि फलंदाजाला तो ओळखता येतो. षटक सुरू व्हायच्या आधी गोलंदाजानं क्षेत्ररचना मोठ्यानं सांगायची. आउट झालेला फलंदाज बाहेर, त्याचे उरलेले चेंडू पुढच्याला. आउट होऊनही खेळत राहायची मुभा असलेल्या नेटमध्ये विकेटची किंमत कुणालाच कळत नाही.

गोलंदाजांचा स्वतःचा सराव वेगळा ठेवा. फलंदाज नाही, एक स्टंप, २४ चेंडू. १३-१४ वर्षांच्या वेगवान मुलांसाठी स्टंपपासून ५ ते ६ मीटर, मोठ्यांसाठी ६ ते ७, फिरकीला ३ ते ५ मीटर एवढा पट्टा आखा. रुंदी ऑफस्टंपपासून बाहेर एक बॅट. किती पडले ते लिहा. चोवीसात दहा पडत असतील तर वेग वाढवायची भाषा नको. पट्टा आखायला उभे शंकू ठेवू नका, चेंडू त्यांना लागून कुठेही उडतो. चुना किंवा सपाट रबरी चकत्या वापरा. मुलांना जड चेंडू देऊन वेग वाढवायचा प्रयोग इंटरनेटवर दिसतो, या वयात तो टाळा.

फिरकीसाठी कोणतंही साधन माणसाची जागा घेत नाही. साइडआर्मनं चेंडू फिरवता येतो, पण उंची आणि फसवणूक येत नाही. तुमच्या पंचक्रोशीत चाळीस-पन्नाशीतला एखादा जुना लेगस्पिनर किंवा डावरा फिरकीवाला असणारच, बहुधा रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धेत अंपायरिंग करत असेल. त्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलवा आणि पेट्रोलचे, वर थोडे मानधनाचे पैसे द्या. वर्षभराचा हा खर्च मशीनच्या किमतीत सहज बसतो. त्यानं ४८ चेंडू टाकले तरी मुलांना मनगट वाचायला मिळतं. शेजारच्या गावच्या क्लबाशी महिन्यातून दोन रविवार नेट एकत्र करा, तेही फुकट. अनोळखी हात समोर आला की मुलांचं खरं काय ते कळतं.

मग मशीन कधी? एकच फटका पुन्हापुन्हा घोटवायचा असेल, म्हणजे स्वीप, पुल किंवा बॅकफूट पंच. स्लिपचे आणि उंच झेल द्यायचे असतील. किंवा मुलांची संख्या इतकी वाढली की दुसरा नेट रिकामा राहतोय, तेव्हा ती कामाची. घेतलीच तर दोन चाकांची पुरे, पण दोन्ही चाकांना वेगळी मोटर आणि वेगळं नियंत्रण हवं, कारण चाकांच्या वेगातल्या फरकानंच चेंडू फिरतो आणि डोकं कलतं करून तो स्विंग करता येतो. तीन चाकांत डोकं न कलवता हे जमतं, किंमत मात्र चढते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी बघा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चाकांचा वेग हलतो आणि लेंग्थ बदलते, बॅटरीवर तो त्रास कमी. नळीची उंची जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास यायला हवी. बुटक्या तिकाटण्यावरून सुटलेला चेंडू खालून येतो आणि उसळीच चुकते.

चेंडू डिंपलचेच (मशीनसाठीचे, अंगावर बारीक खळगे असलेले) घाला, एकाच कंपनीचे, एकाच वयाचे. लेदर बॉलची सीम चाकाला दर वेळी वेगळी लागते, त्यामुळे टप्पा भरकटतो आणि चाकाचं रबर झिजतं. ओला चेंडू चाकात घसरतो आणि हळू सुटतो. एक चेंडू गेल्यावर चाकं पुन्हा वेग धरेपर्यंत पाच-सहा सेकंद थांबा. भरभर टाकत राहिलात तर दुसरा, तिसरा चेंडू आपोआप आखूड होतो आणि सगळे म्हणतात मशीन बिघडली. टाकणाऱ्यानं चेंडू हात उंच करून फलंदाजाला दाखवायचा, मग एका ठरावीक लयीत नळीत सोडायचा, म्हणजे फलंदाजाला निदान काहीतरी सुगावा लागतो. पहिले सहा चेंडू कायम रिकाम्या क्रीजवर.

जुनी मशीन स्वस्तात मिळत असेल तर बघायला जाताना डिंपलचे एकसारखे १२ चेंडू आणि थोडा चुना घेऊन जा. एकाच सेटिंगवर सगळे सोडा आणि टप्पे बघा. लांबीत मीटरभर आणि रुंदीत वीतभर यापलीकडे विखुरले, तर सोडून द्या. चाकं रिकामी फिरवून कडेनं बघा, लचकत असतील किंवा बेअरिंग घरघरत असेल तर दुरुस्ती कुठे होणार ते आधी विचारा. बेळगावला किंवा बेंगळुरूला पाठवावी लागली, तर हंगाम तिथेच संपतो.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर मोकळ्या पट्टीवर लेदर बॉल विसरा, मॅट गुंडाळून जमिनीपासून उंच, हवेशीर जागी ठेवा. ओल्या सिमेंटवर भिजवलेला टेनिस बॉल वेगानं घसरतो, खाली राहतो आणि बॅट सरळ, लवकर आणायला लावतो. टर्फवरच्या खाली राहणाऱ्या चेंडूसाठी हा सराव चांगला आहे. मात्र त्याआधी सिमेंटवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर घालून काथ्याच्या ब्रशनं घासून काढा, नाहीतर धावत येणारा गोलंदाज पहिल्याच चेंडूला आडवा होईल. लेदर बॉल पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आठ दिवसांत बुरशी येते. भिजलेला चेंडू उन्हात वाळवू नका, कातडं आक्रसतं आणि शिलाई सुटते. पंख्याखाली दोन दिवस पुरतात. मातीची पट्टी करायची असेल तर माती मात्र मे महिन्यातच, पाऊस पडायच्या आधी आणून छपराखाली ठेवा. ऑक्टोबरात शेतं ओली असतात, तेव्हा चाळण्याजोगी माती कुठेच मिळत नाही.